दीड माणूस

दोस्तहो, शेजारच्या देशांत जुनी भुतं पुन्हा उठून बसलीत, याची चर्चा आपण मोरगावच्या टपरीवर मोठ्या हौसेनं करतो. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलला तालिबान परत आले, पोरींच्या शाळा बंद झाल्या. आपण थू म्हटलं. मार्च २०२५ मध्ये काठमांडूत राजा परत आणा, हिंदू राष्ट्र परत आणा म्हणून मोर्चे निघाले. आपण हसलो. हसण्यासारखं त्यात काही नाही बाप्पा! राणाशाहीच्या १८५४ च्या मुलुकी ऐननं कोणाच्या हातचं पाणी चालत नाही आणि कोणाला शिवलं तर अंगावर पाणी शिंपडावं लागतं, हे कायद्यातच लिहून ठेवलं होतं. राजा परत येईल तर त्याच्या मागून ती वहीही येईल.

पण कोलंबो आणि रंगूनचं नाव निघालं की आपली जीभ टाळूला चिकटते. काहून? कारण तिथल्या सनातन्याच्या अंगावर चीवर आहे. चीवर दिसलं की आपले हात जुळतात, डोकं बंद होतं. आपल्याच पोरांच्या मोबाईलवर ब्रह्मदेशातल्या भिक्खूंचे व्हिडिओ फिरतात आणि खाली लिहिलेलं असतं, यांनी कसं सरळ केलं बघा. कोणाला सरळ केलं, ते विचारायची हिंमत करू या.

२५ ऑगस्ट २०१७ पासून ब्रह्मी लष्करानं राखाईन प्रांतातली रोहिंग्यांची गावं जाळली. सात लाखांवर माणसं नाफ नदी ओलांडून बांगलादेशात पळाली. १९८२ च्या कायद्यानं त्यांना आधीच नागरिकत्वातून बाहेर काढलेलं होतं. आणि ३० ऑक्टोबर २०१७ ला, ती माणसं अजून चिखलातून चालत असताना, सिटागू सयादो हा त्या देशातला अतिशय मानाचा भिक्खू लष्कराच्या छावणीत प्रवचनाला बसला. समोर सैनिक. त्यानं गोष्ट सांगितली महावंसातली.

ती गोष्ट आपल्या लोकांना माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. सिंहली राजा दुट्ठगामणी यानं तमिळ राजा एळाराला युद्धात मारलं. (हाच ग्रंथ एळार न्यायी होता हेही कबूल करतो, ही एक गंमत.) एवढी माणसं मारली म्हणून दुट्ठगामणीला झोप लागेना. तेव्हा आठ अर्हत आले आणि त्याचं समाधान केलं. काय म्हणाले? राजा, तू मारलेस ते फक्त दीड माणूस. एकानं त्रिसरण घेतलं होतं, एकानं पंचशील. बाकीचे मिथ्यादृष्टीचे, जनावरांच्या बरोबरीचे.

दीड माणूस! पंधराशे वर्षांपूर्वी कोणी भिक्खूनं लिहिलेली ही बेरीज २०१७ साली बंदूकधाऱ्यांपुढे उजळणीला काढली गेली. गड्यांनो, ही बेरीज आपल्या ओळखीची आहे. गावात घरं शंभर असताना 'गावात ऐंशी घरं' म्हणून सांगणारा पाटील आपल्या बापजाद्यांनी पाहिला आहे. उरलेली वीस कोणाची? आपण माणसांत धरले गेलो नाही म्हणून तर धम्माकडे आलो. आणि आता धम्माच्या नावानं कोणी तीच बेरीज करत असेल, तर आपण वंदन करायचं?

सिंहलद्वीपाकडे वळू. तिथं १७५३ साली सियाम निकाय स्थापन झाला. थोड्याच वर्षांत त्यानं उपसंपदा फक्त गोविगम जातीला द्यायची असा नेम केला. गोविगम म्हणजे जमीन कसणारी वरची जात. बाकीच्या जातींच्या लोकांना ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा आणावी लागली, त्यातून १८०३ ला अमरपूर निकाय उभा राहिला. म्हणजे बुद्धाच्या संघात जातीचा दरवाजा! ज्या संघात उपाली न्हावी शाक्य राजकुमारांच्या आधी दीक्षित झाला, त्या संघात! हे कोणी ब्राह्मणांनी केलं नाही. मेंदूत मनू बसायला जानवं लागत नाही.

१९४८ साली स्वातंत्र्य मिळाल्याबरोबर या देशानं पहिलं काम काय केलं, तर चहाच्या मळ्यांतल्या लाखो तमिळ मजुरांचं नागरिकत्व काढून घेतलं. हे मजूर कोण? इंग्रजांनी तमिळ मुलखातून नेलेले, त्यांत पुष्कळ पळ्ळर, परैयर, चक्किलियर. आपलेच भाऊबंद. दोन वर्षांनी, १९५० मध्ये, बाबासाहेब कँडीच्या बौद्ध परिषदेला गेले, तेव्हा कोलंबोत त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना बुद्धाकडे या म्हणून सांगितलं आणि बौद्धांना सांगितलं की यांना जवळ करा. बौद्धांनी त्यांना किती जवळ केलं, ते मळ्यांतल्या लाइन-खोल्या अजून सांगतात.

मग १९५६ चा सिंहली भाषेचा कायदा. तो आणणाऱ्या पंतप्रधान भंडारनायके यांना तीनच वर्षांनी, सप्टेंबर १९५९ मध्ये, गोळ्या घातल्या गेल्या. घालणारा भिक्खू, आणि कटाचा सूत्रधार केलनिय विहाराचा प्रमुख. मग १९७२ च्या घटनेत बौद्ध धर्माला अग्रस्थान. मग जुलै १९८३ ची तमिळांची कत्तल. हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर नवं घ्या. २०१२ ला बोडु बल सेना निघाली, ज्ञानसार नावाचा भिक्खू तिचा पुढारी. जून २०१४ मध्ये त्याची सभा झाली आणि अलुथगामात मुसलमानांची दुकानं जळली. त्याच सप्टेंबरात त्यानं ब्रह्मदेशातल्या विराथूला कोलंबोत बोलावून सत्कार केला. नागपूरच्या संघाशी आपली बोलणी चालू आहेत, असंही त्यानं जगाला सांगितलं. संघानं ते नाकारलं. पण बोलणी कोणाशी करावी वाटली, ते पाहा! कोर्टाच्या अवमानात तो तुरुंगात गेला, राष्ट्रपतींनी माफी देऊन सोडला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये गोताबाया राजपक्षेनं त्यालाच 'एक देश, एक कायदा' समितीचा अध्यक्ष केला. ही घोषणा ओळखीची वाटते ना?

करोनात त्या सरकारनं मुसलमानांना प्रेत पुरू दिलं नाही. वीस दिवसांच्या लेकराचंही सक्तीनं दहन केलं. मेलेल्या माणसाला जागा नाकारणं म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून वाचावं लागत नाही.

आता कोणी म्हणेल, नालंदा कोणी जाळलं? बामियान २००१ मध्ये कोणी फोडलं? बरोबर आहे, विचारा. मी त्यात भर घालतो. २९ सप्टेंबर २०१२ च्या रात्री बांगलादेशात रामू इथं एका फेसबुकच्या चित्रावरून जमावानं बौद्ध विहार जाळले. २९ सप्टेंबर आपल्याला कशासाठी लक्षात असतो? २००६ साली याच तारखेला आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात खैरलांजी झालं. रामूतला जमाव, अलुथगामातला जमाव, खैरलांजीतला जमाव, यांत मला तर फरक सापडत नाही. रामूच्या विहाराचा हिशेब अलुथगामाच्या दुकानदाराकडे मागायचा, हा कोणता कार्यकारणभाव? प्रतीत्यसमुत्पाद घोकणाऱ्यांनी सांगावं.

दुसरे म्हणतील, घरची धुणी चव्हाट्यावर कशाला? शत्रूच्या हातात कोलीत देता. अरे, कोलीत आधीच त्याच्या हातात आहे. २०१५ साली विराथूच्या 'मा बा ता' संघटनेच्या रेट्यानं ब्रह्मदेशात वंश-धर्म रक्षणाचे चार कायदे झाले. त्यांत एक धर्मांतराचा. धर्म बदलायचा तर सरकारी मंडळापुढे जा, चौकशीला तोंड दे, परवानगी घे. आता एप्रिल २०२४ चं गुजरात सरकारचं परिपत्रक आठवा. हिंदूला बौद्ध व्हायचं असेल तर जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी! फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनंही अशाच कायद्याच्या विचारासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात कलेक्टरकडे लाखो अर्ज घेऊन रांग लावायची होती का? ब्रह्मदेशच्या कायद्याला टाळी वाजवणारा पोरगा गुजरातच्या परिपत्रकाला कोणत्या तोंडानं शिव्या देईल?

बोधगयेचंही तेच. फेब्रुवारी २०२५ पासून महाबोधी विहारासाठी भिक्खू उपोषणाला बसले, १९४९ चा कायदा रद्द करा म्हणून. आपण इथून पाठिंबा दिला, द्यायलाच पाहिजे. पण तिथं आपण काय म्हणतो? बहुसंख्याकांनी आमच्या जागेवर कब्जा केला, न्याय द्या. हाच न्याय राखाईनच्या कोळ्याला नको?

याच मुलखातून, भंडारा मतदारसंघातून, बाबासाहेब १९५४ च्या पोटनिवडणुकीत उभे होते आणि पडले. त्याच वर्षी डिसेंबरात ते रंगूनच्या परिषदेला गेले. रंगूनहून आलेली मूर्ती २५ डिसेंबरला त्यांनी देहूरोडला बसवली. त्या देशाशी आपलं नातं त्यांनीच जोडलं, हे मी विसरत नाही. पण मूर्ती घेतली म्हणून त्यांनी डोळे मिटले नाहीत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' च्या आरंभीच त्यांनी भिक्खूबद्दल सवाल टाकला आहे, की हा नुसता परिपूर्ण माणूस की समाजाचा सेवक? सैन्याला दीड माणसाची गोष्ट सांगणारा भिक्खू यातला कोणताच नाही.

आपल्या तालुक्यात गोठणगावजवळ, प्रतापगडाच्या बाजूला १९७२ पासून तिबेटी कॅम्प आहे. देश गेलेली बौद्ध माणसं. तिथं कोणी जाऊन, तुम्ही कोण, कागद दाखवा, परत जा, असं ओरडलं तर आपण आडवे पडू. मग बौद्धांनी हाकललेल्या माणसाला देशातून काढा म्हणून दिल्लीत आरोळी उठते तेव्हा आपल्या वस्त्या गप्प का?

ब्रह्मदेशाचाच दुसरा भिक्खू दाखवतो. सप्टेंबर २००७ मध्ये भिक्खू हजारोंनी रस्त्यावर आले, हातात भिक्षापात्र पालथं. पत्तनिक्कुज्जन कम्म म्हणतात त्याला. जुलमी माणसाचं दान घ्यायचं नाही, त्याला पुण्यच मिळू द्यायचं नाही. सेनापतींनी त्यांना गोळ्या घातल्या, विहारांतून फरफटत नेलं. आणि विराथूला? जानेवारी २०२३ मध्ये त्याच लष्करानं किताब दिला. दोघांच्याही अंगावर चीवरच होतं.

येत्या आषाढी पौर्णिमेला वर्षावासासाठी आपल्या विहारात जे भन्ते येतील, त्यांना खीर वाढण्याआधी आपण एकच प्रश्न विचारायचा आहे. भन्तेजी, सिटागू सयादोच्या त्या प्रवचनाबद्दल तुमचं म्हणणं काय? उत्तर पुढच्या अंकात जसंच्या तसं छापू. उत्तर मिळालं नाही तर तेवढी जागा कोरी ठेवू.