ओटीवरच्या गोष्टी : गुणगुणीचा माग

आमच्या धाकट्या बंधूंचा नातू अकरावींत शिकतो. दोन वर्षांपूर्वीं त्यानें हट्टानें विजेवर वाजणारी गिटार मिळविली, तेव्हां आमच्या वृद्ध काकूंनीं "हें परकें वाद्य घरांत कशाला?" म्हणून नाक मुरडलें होतें. ज्या पेटीवर त्या स्वतः पन्नास वर्षें आरत्या वाजवीत आल्या, ती पेटीही मूळची युरोपांतलीच, हें मीं त्यांस सांगितलें. आणि ब्रिजभूषण काब्रा यांनीं शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्या समवेत गिटारवर राग वाजविलेली १९६७ सालची ध्वनिमुद्रिका ऐकविली. तेव्हांपासून काकूंचा विरोध मावळला. परंतु गेल्या श्रावणाच्या अखेरीस त्यांनीं दुसरी तक्रार काढली, आणि ती मात्र अगदीं रास्त होती. "अरे, तुझ्या वाजविण्यापेक्षां त्या डब्याची घरघरच जास्त ऐकूं येते!"

हा डबा म्हणजे मुलानें घरीं बनविलेला प्रीअँप. विजेच्या गिटारींत तारांच्या खालीं लोहचुंबक असतो, व त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. गिटारची तार हालली कीं वेटोळ्यांत विजेची क्षीण लहर उठते. ती व्होल्टच्या शतांश किंवा फार तर दशांश भागांत मोजावी लागते. मोठ्या अँप्लिफायरकडे जाण्यापूर्वीं तिला बळ देण्याचें काम प्रीअँप करतो. मुलानें मुंबईस जाऊन डॉ. भडकमकर मार्गावरून, म्हणजे जुन्या लॅमिंग्टन रोडवरून, सुटे भाग आणले : टीएल ०७२ नांवाची आठ पायांची चिप, कांहीं रेझिस्टर, कांहीं कपॅसिटर आणि एक ट्रान्स्फॉर्मर. सर्व जुळवून त्यानें तें पत्र्याच्या डब्यांत बसविलें. वाद्य वाजे, पण त्याच्या मागें अखंड गुणगुण चाले. प्रीअँप जसा गिटारच्या सुराला दहापट करतो, तसा वाटेंत शिरलेल्या उपद्रवालाही दहापट करतो. त्याला आपपर भाव नाहीं.

गौरींच्या रात्रीं घरच्या मंडळींपुढें वाजवावयाचें ठरलें होतें, आणि दिवस उरले होते दहा. एकत्र कुटुंबांत सल्ल्याची वाण कधींच नसते. आमचें उंबरमाळी खर्डी आणि कसारा यांच्या मध्यें, लोहमार्गाला लागून. मार्गावरच्या तारेंत पूर्वीं १५०० व्होल्टचा एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह असे. आतां २५,००० व्होल्टचा, सेकंदास ५० आवर्तनें करणारा प्रवाह असतो. तेव्हां बंधु म्हणाले, दोष रेल्वेचा. पुतण्या म्हणाला, चिप हलकी मिळाली. ओळखीचे एक गृहस्थ, ज्यांस विजेचीं कामें थोडींबहुत येतात, ते म्हणाले, "अँप्लिफायरच्या प्लगची ती जाड पिन कापून टाक. घरघर तत्काळ बंद!"

मुलानें कोणासही न विचारतां ती पिन करवतीनें कापली. घरघर खरोखरच पुष्कळ कमी झाली, आणि तो नाचत ओटीवर आला. "मोठे आजोबा, पिन गेली आणि आवाज गेला! कारण सांपडलें!"

मीं तो प्लग हातांत घेतला आणि माझ्या अंगावर कांटा आला. बाहेर पाऊस, ओटीच्या फरशीला ओल सुटलेली, मुलगा अनवाणी, आणि हातांत गिटारच्या लोखंडी तारा. त्या तारा मुद्दाम वायरीच्या कवचामार्गें अँप्लिफायरच्या धातूच्या अंगाशीं जोडलेल्या असतात. तारेला हात लावतांच गुणगुण थोडी कमी होते ती त्यामुळेंच. आतां अँप्लिफायरच्या आंत एखादी वायर सुटून त्या अंगाला लागली, तर ती वीज जमिनींत नेण्याचें काम कापलेली पिन करीत होती. आम्हीं प्रीअँपची वायर सोडवून अँप्लिफायरच्या अंगास टेस्टर लावला, तों टेस्टरचा दिवा मिणमिणूं लागला. म्हणजे इतका वेळ मुलाचें रक्षण करीत होती ती केवळ दोन यंत्रांमधली सुरांची बारीक वायर! ३ मे १९७२ रोजीं वेल्समधील स्वान्सी येथें लेस्ली हार्वे हा तरुण गिटारवादक भर रंगमंचावर मरण पावला तो असाच : हातांत गिटार असतांना, अर्थिंग नसलेल्या ध्वनिक्षेपकास त्याचा हात लागला. तीन पिनांच्या प्लगांतील अर्थिंगची पिन इतर दोहोंहून लांब ठेवलेली असते ती उगाच नव्हे. प्लग बसवितांना तिनें सर्वांच्या आधीं जोडलें जावें व काढतांना सर्वांच्या शेवटीं सुटावें, अशी ती योजना आहे.

मुलगा शरमला, पण वाद सोडीना. "पण पिन काढल्यावर आवाज गेला, हें तर खरें ना?" प्रश्न योग्य होता, आणि त्याचें उत्तर मला लहानपणीं पढलेल्या न्यायशास्त्रांत सांपडलें. धूर दिसला कीं अग्नि आहे असें आपण म्हणतों. पण अग्नि असला कीं धूर असलाच पाहिजे, असें मात्र नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि आहे, धूर नाहीं. धुराला अग्नीबरोबर ओलें सरपण लागतें. नैयायिक त्यास 'उपाधि' म्हणतात. धूर घालविण्यासाठीं चूल विझविली तर धूर जाईल, पण भातही शिजणार नाहीं. शहाण्यानें ओलें लांकूड तेवढें ओढून काढावें. "तुझी पिन ही चूल आहे," मी म्हणालों, "आतां ओलें लांकूड कोणतें तें शोधूं."

दुसऱ्या दिवशीं नवा प्लग बसविला, आणि घरघरही परत आली. मीं एकच नियम घातला : एका वेळीं एकच फेरफार करावयाचा, आणि काय झालें तें वहींत लिहावयाचें. अमुक असतांना तमुक असतें काय, हा अन्वय. अमुक नसतांना तमुक नाहींसें होतें काय, हा व्यतिरेक. दोन गोष्टी एकदम बदलल्या कीं दोन्ही साक्षी फुकट जातात.

प्रथम रेल्वे. दोन सायंकाळ आम्ही ओटीवर बसून गाड्या आल्या-गेल्याची वेळ टिपली. गुणगुण यत्किंचितही कमीजास्त झाली नाहीं. रेल्वे निर्दोष ठरली. मग अँप्लिफायर. त्याला जोडलेली प्रीअँपची वायर काढली, तों सर्वत्र शांतता. तोही सुटला. मग गिटार काढून, जिचीं दोन्ही टोकें एकमेकांस जोडलेलीं आहेत अशी जॅकपिन प्रीअँपच्या तोंडांत घातली. गुणगुण निम्मी झाली, पण गेली नाहीं. म्हणजे चोर दोन होते : एक गिटारच्या वाटेनें येणारा, दुसरा प्रीअँपपाशींच दबा धरून बसलेला.

या दुसऱ्याची ओळख मुलानें आपल्या कानानें पटविली, याचें मला कौतुक वाटलें. घरांतील वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. डब्यांतील रेक्टिफायर तिच्या दोन्ही बाजू एकीकडे वळवितो, म्हणून त्यांतून गळणारी गुणगुण १०० आवर्तनांची असते. गिटारची सर्वांत जाड तार तिसऱ्या पडद्यावर दाबली असतां ९८ आवर्तनांचा सूर निघतो. त्या सुराशीं ताडून पाहतां आमची गुणगुण बरोबर एक सप्तक खालची निघाली. तेव्हां ती रेक्टिफायरची नव्हती. बाजारांतून नवा मोठा कपॅसिटर आणण्याचा खर्च वांचला.

मग ओलें लांकूड दिसलें. अँप्लिफायरचा प्लग ओटीवरच्या बोर्डांत होता आणि प्रीअँपचा माजघरांतल्या. दोहोंच्या अर्थिंगच्या वायरी भिंतींतून दूरवर जाऊन एकत्र मिळत, आणि इकडे सुरांच्या वायरीच्या कवचानें दोन्ही डबे जोडलेले. असें घराएवढें एक वेटोळें तयार झालें होतें! भोंवतालच्या विजेच्या वायरींमुळें त्यांत प्रवाह फिरे, आणि तोच कवचावाटे सुरांत शिरे. पिन कापल्यानें हें वेटोळें तुटलें होतें, म्हणून आवाज थांबला होता. आम्हीं दोन्ही प्लग शेजारीं शेजारीं एकाच बोर्डांत लावले. वेटोळें हातभर उरलें, आणि घरघर एकदम ओसरली. पिन मात्र जागच्या जागीं.

पुढें डबा उघडला. आंतील ग्राउंडच्या वायरी एकीला दुसरी, दुसरीला तिसरी अशा माळेसारख्या जोडल्या होत्या. त्या सर्व सोडवून एकाच बिंदूशीं आणल्या. ट्रान्स्फॉर्मर सुराच्या प्रवेशद्वाराशेजारीं होता, तो दूरच्या कोपऱ्यांत नेला. आंतील साध्या वायरीच्या जागीं जाळीचें कवच असलेली शील्डेड वायर घातली. डब्याच्या पत्र्याला स्क्रूनें आवळलेल्या अर्थिंगच्या वायरीस हात लावला नाहीं.

राहिला गिटारचा चोर. वेटोळें जसें तारेची हालचाल टिपतें, तसें ट्रान्स्फॉर्मरचें व ट्यूबलाइटच्या चोकचें चुंबकत्वही टिपतें. यावर अमेरिकेंत गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनीं १९५५ सालीं तोड काढली : दोन वेटोळीं अशीं जोडावयाचीं कीं बाहेरची गुणगुण एकमेकांत विरावी व तारेचा सूर दुणावावा. आमच्या गिटारीस एकेरी वेटोळें. म्हणून मुलानें ट्यूबलाइट मालविली, यंत्रांपासून चार हात दूर बसला, आणि अंग थोडें थोडें वळवून जेथें गुणगुण सर्वांत कमी ती दिशा खडूनें फरशीवर आंखली.

इतकें करून शेवटीं बारीक 'सस्स' असा आवाज उरला. मुलगा त्याच्याही मागें लागणार होता, पण मीं थांबविलें. कोणत्याही रेझिस्टरमध्यें केवळ उष्णतेमुळें विद्युत्कण अस्वस्थ असतात, आणि त्यांची ती चळवळ सुस्काऱ्यासारखी ऐकूं येते. जॉन्सन आणि नायक्विस्ट या दोघांनीं १९२८ सालीं ही गोष्ट सप्रमाण मांडली. दहा हजार ओहमच्या रेझिस्टरांतून, मनुष्याच्या कानाच्या टप्प्यांत, व्होल्टच्या दहा लक्षांश भागाच्या सुमारें पावणेदोन पट एवढा सुस्कारा निघणारच. जो दोष कोणाचा नव्हे, त्याच्याशीं भांडूं नये.

गौरींच्या रात्रीं मुलानें भूप वाजविला. काकू पुढेंच पाट मांडून बसल्या होत्या. वाजवून झाल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, "आज तूं ऐकूं आलास."

आमच्या वाचकांच्या घरीं मिक्सर असेल, गीझर असेल, पंप असेल. एकदां सर्व प्लग पाहून घ्या. तिसरी पिन कापलेली वा मोडलेली असेल तर आजच बदला. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यांत कोरडा पडूं देऊं नका. आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आर.सी.सी.बी. स्विच मुख्य बोर्डांत नसेल, तर जाणत्या तंत्रज्ञाकडून बसवून घ्या. ती कापलेली पितळी पिन मीं टेबलाच्या खणांत जपून ठेवली आहे. कोणीं झटपट उपाय सांगितला, कीं मुलगा स्वतःच खण उघडून ती दाखवितो.