प्रथमोपचार पेटीची किल्ली कोणाकडे?

तळोजा एमआयडीसीत गेटागेटावर 'सुरक्षा प्रथम'चे फलक आहेत. आत जाऊन एकच प्रश्न विचारा : प्रथमोपचार पेटीची किल्ली कोणाकडे आहे? उत्तर बहुतेक वेळा "ऑफिसात, साहेबांकडे" असे मिळते. साहेब संध्याकाळी घरी जातात. रात्रपाळी चालूच असते.

आमच्या वस्तीतल्या एका कंत्राटी कामगाराच्या हातावर असेच रात्री आम्ल उडाले. पेटी कुलपात होती. कोणीतरी भाजलेल्या जागी टूथपेस्ट फासली. खरे तर आम्ल उडाले की भिजलेले कपडे काढायचे आणि ती जागा निदान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरायची. नळ दहा पावलांवर होता, पण हे कोणी शिकवलेच नव्हते. पाण्याच्या हक्कासाठी 1927 ला महाडचा सत्याग्रह झाला, तो याच जिल्ह्यात. त्याच जिल्ह्यात आमचा माणूस नळ समोर असून भाजत राहिला.

कायदा नाही असे नाही. 1948 च्या कारखाना कायद्याचे कलम 45 सांगत होते : दर 150 कामगारांमागे निदान एक पेटी, ती सांभाळणारा माणूस प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेला आणि कामाच्या सर्व वेळेत हजर. 500 पेक्षा जास्त कामगार असतील तर रुग्णवाहिका कक्ष. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदारावर पेटीची जबाबदारी टाकली आणि त्याने ती पाळली नाही तर मूळ मालकावर. 2020 च्या नव्या संहितेतही पेटी आहेच. मात्र कंत्राटी कामगारांसाठीच्या तरतुदी 20 ऐवजी 50 कामगारांपासून लागू केल्या आहेत. चाळीस-चाळीसच्या तुकड्या पाडणाऱ्या ठेकेदाराला आणखी काय हवे?

कोणी म्हणेल, यात जात कुठे आली? प्रथमोपचार म्हणजे स्पर्श. दुसऱ्याचे रक्त पुसणे, त्याच्या छातीवर दाब देणे, गरज पडली तर तोंडाने श्वास देणे. आणि जात म्हणजे स्पर्शाला नकार. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. बाबासाहेबांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर उभा केला. 1938 ला मनमाडच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे ते म्हणाले, त्यामागे हाच अनुभव होता. आज विणकाम खाते नाही, पण टाकी धुणे, गटार उपसणे, रसायनाची पिंपे हलवणे ही कामे कोणाच्या वाट्याला येतात ते गेटवर उभे राहून मोजा. धोका सर्वांत जास्त ज्याला, पेटी सर्वांत लांब त्याच्यापासून.

गटाराच्या कामात तर अज्ञान थेट जीव घेते. पहिला आत बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. तिथे पहिला उपचार म्हणजे तसेच आत न उतरणे. वायू मोजणे, हवा सोडणे, श्वसनयंत्र आणि दोर लावूनच उतरणे. मुळात माणसाला उतरवणेच थांबले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गटारातील मृत्यूसाठी 10 लाख आणि 2023 मध्ये 30 लाख रुपये भरपाई ठरवली. ती मिळवण्यासाठी आपण मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत. पण माणूस गेल्यावर जागे होणारी चळवळ अपुरी आहे, हेही आपण स्वतःला सांगितले पाहिजे.

मालक म्हणतात, कंत्राटी माणूस आज आहे, उद्या नाही. त्याला शिकवून काय उपयोग? अहो, तो दुसऱ्या कारखान्यात गेला तर ते शिक्षण तिथे कोणाचा तरी जीव वाचवेल. आणि कायद्याने माणूस प्रशिक्षित हवा म्हटले आहे, कायमचा हवा असे नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक पाळीत, प्रत्येक खात्यात प्रशिक्षित माणूस हवा आणि त्यात कंत्राटी कामगार हवेतच. पेटीला कुलूप नको. पेटीत काय आहे, ती कोणाकडे आहे, हे मराठी आणि हिंदीत भिंतीवर लिहा. पनवेल महानगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या प्रत्येक गाडीत पेटी हवी.

आणि आपले काम? सेंट जॉन ॲम्ब्युलन्ससारख्या संस्था प्रथमोपचाराचे प्रशिक्षण देतात. 14 एप्रिलच्या वर्गणीतला डीजेचा एक दिवसाचा खर्च वाचवून वस्तीतल्या दहा कामगारांना, त्यात महिलांनाही, ते प्रमाणपत्र मिळवून देऊ. वर्ग बुद्ध विहारात भरवू. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' यातले 'शिका' फक्त शाळेपुरते नाही.

प्रमाणपत्र हातात घेतलेला आपला माणूस उद्या मॅनेजरसमोर उभा राहील आणि म्हणेल : किल्ली द्या. तेव्हा ती नाकारायला त्यांच्याकडे कारण उरणार नाही.

जय भीम!