उरलेले काम

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ (स्थापना १९९८) मच्छे येथे आहे. तेव्हा ‘कॉलबॅक’ आणि ‘कंटिन्युएशन’ हे संगणकातले शब्द आमच्या घरांत कानी पडले तर नवल नाही.

गिरणीत दळण टाकून आपण ‘झाले की निरोप धाडा’ असे सांगून येतो, तो कॉलबॅक. निरोप दोनदा येईल की येणारच नाही, हे गिरणीवाल्याच्या हाती. निरोपात निरोप गुंतत गेले, की चूक कोठे झाली हेच उमगत नाही.

कंटिन्युएशन म्हणजे पीठ आल्यानंतरचे सारे उरलेले काम : मळणे, थापणे, भाजणे, वाढणे. ही कल्पना डच गणिती आद्रियान व्हान वाइनगार्डन यांनी १९६४ मध्ये मांडली. जावास्क्रिप्ट भाषेत २०१७ च्या आवृत्तीपासून ‘अवेट’ लिहिले, की उरलेले काम संगणकच जपून ठेवतो व पीठ येताच तेथूनच पुढे चालवतो. दळण फसले, तर तेही त्याच ओळीवर कळते.

मात्र अवेटच्या पोटीही अखेर निरोपच असतो. म्हणून आम्ही म्हणतो, मुलांनी सोयीची वाट जरूर धरावी. पण निरोपाची रीत आधी समजून घ्यावी.