मागे राहिलेली सायकल



जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही तिघे धर्मशिक्षक दृढीकरणाच्या वर्गातल्या चौदा मुलामुलींना घेऊन सायकलने कणकुंबीला गेलो.  परतीसाठी एका पालकांचा टेम्पो दुपारी तिकडे येणार होता. पहाटे सहाला फादरांनी आशीर्वाद दिला आणि पिरनवाडी ओलांडून आम्ही जांबोटीच्या रस्त्याला लागलो.

थंडी कडक होती. किणयेच्या शेतांवर धुके होते, भात कापलेल्या रानात मसूर वर आली होती. कुसमळीला मलप्रभा ओलांडली. पुढे चढउतार आणि झाडी. गाणी म्हणत आम्ही झपाट्याने निघालो होतो आणि वेग चांगला साधला याचा आनंदही होता.

जांबोटीला चहासाठी थांबून मुले मोजली. तेरा भरली.

चौदावा शेवटचा कधी दिसला, हे कोणालाच सांगता येईना. आम्ही दोघे मागे फिरलो. तीनेक किलोमीटरवर, एका चढावर, तो सायकल ढकलत येत होता. बाकीच्यांच्या सायकली गिअरच्या, याची वडिलांची जुनी, काळी, जड. तिच्यावरच तो रोज पहाटे घरोघर पेपर टाकतो. साखळी दोनदा उतरली होती, हात काळे झाले होते. "हाक का मारली नाहीस?" आम्ही विचारले. तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं सर, मी येतो मागनं. मला सवय आहे."

ते शेवटचे वाक्य आम्हाला लागले. डिसेंबरात आम्हीच घेतलेल्या तोंडी परीक्षेत त्याला प्रेषितांचा मतांगीकार न अडखळता म्हणता आला नव्हता. आम्हीच त्याचे नाव यंदाच्या दृढीकरणाच्या यादीतून काढून पुढच्या वर्षावर टाकले होते.

उत्पत्तीच्या ३३व्या अध्यायात एसाव याकोबाला म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब नको म्हणतो. मुले कोवळी आहेत, दुभती जनावरे आहेत, एक दिवस जरी फार दामटले तरी कळप मरेल. म्हणून तू पुढे हो, मी मुलांच्या आणि जनावरांच्या चालीने येतो. हे सांगणारा याकोब त्याच दिवशी पहाटेपासून स्वतः लंगडत होता, हे आपण वाचताना विसरतो.

जांबोटीहून आम्ही त्या मुलाला सर्वांत पुढे ठेवले आणि कोणी त्याच्या पुढे जायचे नाही असे ठरवले. कणकुंबीला पोहोचायला तासभर उशीर झाला. पण वाटेत आम्ही त्याच्या शेजारून चालवत होतो, म्हणून बोलणे झाले. मतांगीकाराचा विषय त्यानेच काढला. "ओळी मागंपुढं होतात सर. पण मेलेले उठणार म्हणजे आजी मला परत भेटणार, एवढं मला ठाऊक आहे." डिसेंबरात आम्ही त्याला हे विचारलेच नव्हते.

म्हणून आमचे मत स्पष्टपणे मांडतो. पाठांतराची परीक्षा हा दृढीकरणाच्या वाटेवरचा अडसर होऊ नये. काही पालक म्हणतील, अशाने संस्कार स्वस्त होईल. त्यांची काळजी खोटी नाही. शिक्षण हवेच. ख्रिस्तसभेच्या १९८३च्या कायद्यातला ८८९वा नियम योग्य शिक्षण, मनाची तयारी आणि बाप्तिस्म्याची वचने नव्याने देण्याची क्षमता मागतो. न अडखळता म्हणून दाखवण्याची अट त्यात नाही. ती आम्ही घातली, कारण गुण देणे सोपे असते. प्रत्येक मुलाजवळ बसून ऐकायला वेळ लागतो.

प्रार्थना पाठ कराव्यात, असे आम्ही आजही सांगतो. संकटात तीच वाक्ये तोंडी येतात. पण ज्याला त्या पाठ व्हायला दोन वर्षे लागतील, त्याला आपण दोन वर्षे बाहेर का उभे करावे?

कणकुंबीला मलप्रभेचा उगम पाहिला. तिथे ती एवढीशी आहे. हीच नदी पुढे ३०४ किलोमीटर वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. टेम्पो येईपर्यंत मुलांनी तिथेच डबे उघडले. त्या मुलाच्या सायकलची साखळी दोघांनी मिळून घट्ट केली.

दुसऱ्या दिवशी मिस्सानंतर आम्ही फादरांना भेटून आमची चूक सांगितली आणि यादी पुन्हा पाहण्याची विनंती केली. त्या मुलासारखी आणखी दोन नावे आम्ही वगळली होती. त्या तिघांशी फादर स्वतः बोलणार आहेत.

आपल्याही धर्मग्रामात अशी यादी होत असेल. ती पक्की करण्यापूर्वी एकदा थांबून डोकी मोजा, ही विनंती. कोणी कमी भरले तर मागे फिरा. मागे राहिलेला प्रत्येक जण हाक मारतोच असे नाही.

हे प्रभू, आम्हाला लहानांच्या चालीने चालायला शिकव. आमेन.