आधी लेंडी तपासा, मग बाटली उघडा

रविवारच्या चहाबरोबर लेंड्यांचा विषय काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण हा विषय माझ्या दारात आला, आणि त्यात चूकही माझीच होती.

आमची मुकुंदवाडी आता नावापुरतीच वाडी उरली आहे. एका अंगाला सिडको, दुसऱ्या अंगाला रेल्वे स्टेशन. तरीही गल्लीबोळांत दाराशी बांधलेली शेळी अजून दिसते. शेजारच्या आजींकडे दोन उस्मानाबादी शेळ्या आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांची तीन करडे होती. एकीची जुळी, दुसरीचे एक. दीड-दोन महिन्यांची. एका सकाळी आजी म्हणाल्या, "भाऊ, करडांना हगवण लागलीय. काही औषध आणून द्या." मी शहाणपणाने दुकानातून जंतनाशकाची बाटली आणून दिली. आठवड्याच्या आत जुळ्यातले एक गेले, पाठोपाठ दुसरे.

तिसरे घेऊन आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बाटलीकडे पाहिलेच नाही. वय विचारले, चरायला जाते का विचारले, कुठे बांधता ते विचारले. करडू पत्र्याच्या शेडमध्ये, ओल्या जमिनीवर, आईच्या गव्हाणीतच तोंड घालणारे. मग चिमूटभर लेंडी मिठाच्या दाट पाण्यात कालवून गाळली, नळीत काठोकाठ भरली आणि वर पातळ काच ठेवली. अंडी हलकी असतात, ती तरंगून काचेला चिकटतात. काही मिनिटांनी ती काच सूक्ष्मदर्शकाखाली गेली. दुर्बिणीत जंताची अंडी तुरळकच होती; आयमेरिया नावाच्या एकपेशीय जिवाची बीजे मात्र खच्चून. हा जंत नव्हेच. हा आतड्याचे अस्तर आतून पोखरतो. त्याला जंतनाशक चालत नाही. सल्फा किंवा अँप्रोलियमसारखे औषध वजनाच्या हिशेबाने द्यावे लागते. (कोंबड्यांना होणारा रोग याच कुळातला, पण तो शेळीला लागत नाही.)

बाहेरून पाहता हगवण सगळी सारखीच. तीन आठवड्यांच्या आतले करडू हगले तर हा रोग बहुधा नसतो. दुधाचा किंवा जिवाणूंचा दोष शोधावा. लेंडीत भाताच्या शितासारखे तुकडे दिसले की माणसे घाबरतात. ते चपट्या जंताचे असतात आणि दिसतात तितके घातक नसतात. खरा घातकी तो चौथ्या पोटात बसून रक्त पिणारा हिमॉन्कस. त्यात बहुधा हगवण नसतेच! चरणाऱ्या करडाच्या पापण्या आतून पांढऱ्या पडतात, जबड्याखाली पाणी साठते. दक्षिण आफ्रिकेत पापणीचा रंग पडताळण्यासाठी 'फमाचा' नावाचा रंगतक्ता तयार झाला, तो याच जंतासाठी.

लेंडीची तपासणीही आंधळेपणाने वाचून चालत नाही. धडधाकट शेळीतही थोडी बीजे सापडतात. उलट हगवण आधी लागते आणि बीजे मागून दिसतात, असेही होते. म्हणून मोजणी हवी, आणि सोबत वय, जागा, लक्षणे. हे सारे परभणी-उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत शिकवले जाते. त्याला लागते ते मीठ, गाळणी आणि दुर्बीण. मग गावोगावच्या दवाखान्यांत हा नित्याचा परिपाठ का असू नये? आणि लेंडी न पाहता बाटली देणे हे दुकानदाराने, तसेच माझ्यासारख्या पुढारलेल्या शेजाऱ्याने का थांबवू नये? सरसकट पाजलेल्या औषधाला जंतही सरावतात, ते निराळेच.

आजींनी आता गव्हाण विटांवर चढवली आहे, करडांची जागा वेगळी आणि कोरडी केली आहे. फिनेलने ही बीजे मरत नाहीत. ऊन आणि कोरडेपणा मात्र त्यांना सोसत नाही. तिसरे करडू वाचले, पण अंगाने मागेच राहिले. एकदा पोखरलेले आतडे लवकर भरून येत नाही. आजी त्याच्या पाठीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "भाऊ, ईदला याचा काही भाव येत नाही बघा."