सुपारी देण्याआधी काम पाहा!
पेण आणि रोहा तालुक्यांतील नागरिक, मंडळे, शाळा आणि व्यावसायिकांना जाहीर आवाहन



यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला येत आहेत. पेणमध्ये आणि हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत गणेशमूर्तींच्या कारखान्यांची लगबग चालू आहे. रोह्याकडे मंडळांच्या बैठका भरू लागतील. जाखडीला कोणता शाहीर बोलवायचा, मखर कोणाकडून करून घ्यायचे, फलक कोण रंगवणार, निवेदन कोण करणार, हे सगळे याच दिवसांत ठरते. ते ठरवण्याआधी आमचे चार शब्द ऐकावेत, अशी विनंती आहे.

कलाकार निवडायची आपली रीत अलीकडे बदलली आहे. नाव सुचवले की पहिला प्रश्न येतो, "फॉलोअर्स किती आहेत त्याचे?" ज्याचे हजारांत आहेत त्याला मागेल ते मानधन मिळते. ज्याचे नाहीत त्याला सांगितले जाते, "पैसे फार नाहीत, पण तुमची प्रसिद्धी होईल." या प्रसिद्धीवर किराणा मिळत नाही आणि विजेचे बिलही भरता येत नाही.

मोबाइलला आमचा विरोध नाही. अनेक तरुण मूर्तिकार आज व्हिडिओ दाखवून थेट गिऱ्हाईक मिळवतात आणि मधल्या दलालीतून सुटतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण किती लोकांनी पाहिले यावरून काम कसे आहे ते कळत नाही. शिवाय हे आकडे विकतही मिळतात.

पेणच्या कारखान्यातलेच उदाहरण घ्या. साच्यातून प्लास्टरची मूर्ती बाहेर काढतानाचा व्हिडिओ झकास दिसतो. शाडूचे काम मात्र सावकाश चालते. माती मळायची, साच्यात दाबून बसवायची, सांधे भरायचे, मग सावलीत वाळू द्यायची. घाई केली की तडा जातो, पावसाळी हवेत वाळायला आणखी वेळ लागतो. यात व्हिडिओत दाखवण्यासारखे फारसे काही घडत नाही. शेवटी येते डोळ्यांची आखणी. अंगाचा रंग पुष्कळांना देता येतो, आखणी मात्र ठरावीक हातांकडेच जाते. कारागीर मूर्ती डोळ्यांसमोर येईल अशी धरतो, श्वास आवरतो आणि बारीक कुंचल्याने पापणीची रेघ एका ओढीत पुरी करतो. रेघ केसभर चढली तर मुद्रा रागीट होते, उतरली तर झोपाळू दिसते. दुसरा डोळा पहिल्याला जुळावा लागतो आणि पाटासमोर बसलेल्या माणसाकडे देव पाहतो आहे असे वाटावे लागते. हा हात तयार व्हायला वर्षे जातात. एवढे करून मूर्ती जेव्हा शहरातल्या दुकानात उभी राहते, तेव्हा तिथे पाटी दुकानदाराची असते. आखणी कोणी केली हे कोणी विचारत नाही.

जाखडीचेही तसेच आहे. तीस सेकंदांच्या रीलमध्ये गिरक्या, घुंगरू आणि रंगीत दिवे दिसतात. समोरच्या पक्षातल्या शक्तीवाल्याने टाकलेल्या सवालाला तुरेवाल्याने पुराणातला दाखला देऊन उभ्या उभ्या दिलेला जबाब त्यात मावत नाही. शाहिराची खरी परीक्षा तिथे असते आणि ती समोर बसूनच घेता येते.

काम पाहून कलाकार ओळखल्याचा एक जुना दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. अलिबागजवळच्या सासवणे गावात १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. घरात गणपती घडवले जात. या मुलाने गावच्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावर स्वार शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी ते पाहिले आणि त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकायला पाठवण्याची व्यवस्था केली. पुण्यातला १९२८ सालचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा पुढे याच हातांनी घडवला. करमरकरांची शिल्पे आजही सासवण्याच्या संग्रहालयात पाहता येतात. मुलगा गुणी होताच. पण एक माणूस त्या भिंतीसमोर थांबला, त्याने चित्र नीट पाहिले आणि आपले वजन वापरले, म्हणून पुढचे सगळे घडले. असे थांबणे आपल्यालाही जमण्यासारखे आहे.

पेणच्या गणेशमूर्तींना भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे गावाच्या नावाला संरक्षण आले. कारागिराचे नाव जपणे आपल्या हातात आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे कलाकृतीचे हक्क विकल्यावरही ती आपली आहे असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार कायम राहतो. म्हणजे नाव देणे हे उपकार करणे नव्हे.

म्हणून आमची विनंती अशी :

१. घरचा गणपती ठरवताना एकदा तरी कारखान्यात जा. पाट नेऊन देण्याची कोकणातली पद्धत त्यासाठी उत्तम आहे. माती कोणती आणि आखणी कोणाची, हे विचारा. नुसता फोटो पाहून मूर्ती ठरवू नका. एका कारखान्याचा फोटो दुसऱ्याच्या नावावर फिरतो.

२. मंडळांनी सुपारी देण्याआधी निदान दोन पार्ट्यांचे गाणे समोर बसून ऐकावे. निवड करणाऱ्यांत भजन, पखवाज किंवा चित्रकला जाणणारे एखादे वडीलधारे माणूस असावे.

३. मूर्तिकार, रंगारी, मखर करणारा, शाहीर, ढोलकीवाला यांची नावे मंडपात वाचता येतील अशा अक्षरांत लावा. फोटो पुढे पाठवताना नाव सोबत पाठवा. देणगीदारांची यादी लागते, त्याच फलकावर ही नावे सहज बसतात.

४. विक्रेत्यांनी पेणहून कच्ची मूर्ती नेली असेल तर पावतीवर मूळ कारखान्याचे नाव लिहावे.

५. ठरलेला इसारा वेळेवर आणि उरलेली रक्कम विसर्जनाआधी द्या. फुकट काम मागू नका. पैसे खरोखरच कमी असतील तर काम कमी सांगा.

६. शाळांनी चित्रकलेच्या स्पर्धेत लाइक मोजून बक्षीस देऊ नये. मुलांना एक दिवस कारखान्यात न्यावे आणि आखणी करणाऱ्याच्या शेजारी बसवावे.

कलाकार मंडळींनाही दोन शब्द. जुन्या कामाचे नमुने जपा, दर आधी सांगा, ठरलेले कागदावर घ्या. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत मूर्तिकारांचाही समावेश आहे. नोंदणी केली नसेल तर चौकशी करा. ज्या मुलामुलींना मोबाइल चांगला हाताळता येतो, त्यांनी शेजारच्या वयस्कर कारागिराच्या कामाचे नीट फोटो काढून द्यावेत आणि खाली त्याचे नाव लिहावे. म्हातारपणी त्याने रील करायला शिकावे ही अपेक्षा बरोबर नाही.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत हे पत्रक वाचून दाखवा. कोणाचेही नाव पुढे आले की एवढेच विचारा, "आपल्यापैकी कोणी याचे काम प्रत्यक्ष पाहिले आहे का?" उत्तर "नाही" आले, तर आठ दिवस थांबा, दोघांना पाहायला पाठवा आणि मगच सुपारी द्या.

आपले,
पेण-रोह्यातील काही कलाप्रेमी नागरिक