तांदळाची बंदी आणि चिपची बंदी

20 जुलै 2023 रोजी केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. गोंदिया जिल्हा धानाचा. आमच्या प्रतापगडच्या डोंगराखाली पावसाळ्यात जिकडे पाहावे तिकडे बांध्याच बांध्या. त्या दिवसांत चहाच्या टपरीवर हाच विषय असायचा. देशात भाव वाढू नयेत म्हणून बंदी, हे सरकारचे कारण होते आणि ते खोटे नव्हते. पण आफ्रिकेतल्या ज्या गरीब देशांच्या बाजारात आपला तांदूळ विकला जातो, तिथल्या आयांना त्या कारणाशी काय देणेघेणे? बंदी उठली ती सप्टेंबर 2024 मध्ये.

हे आठवले ते जानेवारी 2025 मध्ये. वर्गात एका मुलाने विचारले, "सर, पैसे मोजूनही अमेरिका आपल्याला पाहिजे तेवढ्या चिप का देणार नाही?" मी म्हणालो, "आपण तांदूळ का थांबवला होता?" तो विचारात पडला.

प्रकरण असे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या ताकदवान चिप चीनला मिळू नयेत म्हणून अमेरिकेने ऑक्टोबर 2022 मध्ये कडक नियम केले. कारण दिले लष्करी वापराचे. 13 जानेवारी 2025 रोजी आणखी एक नियम आला. त्यात 18 जवळच्या देशांना मोकळे रान होते. भारत मात्र मधल्या रांगेत, मोजून मापून चिप मिळणाऱ्यांत. तो नियम अमलात येण्याआधीच, मे महिन्यात, नव्या सरकारने मागे घेतला. आपण सुटलो, पण सुटलो ते त्यांच्या मर्जीने, आपल्या बळावर नाही.

अशा वेळी काही मंडळी छाती फुगवून म्हणतात, "घालू द्या बंदी! परम महासंगणक बंदीमुळेच तर झाला." मला हा दाखला आवडतो, पण तो अर्धाच सांगितला जातो.

1980 च्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे महासंगणक मागितला. अण्वस्त्रे आणि क्षेपणास्त्रांसाठी वापर होईल, ही त्यांची शंका. हवामानाच्या अंदाजासाठी एक दिला, तोही अटी घालून. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा होता तो दिलाच नाही. मग 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. तिची धुरा आली आपल्या विदर्भाच्या, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावच्या विजय भटकरांकडे. 1991 मध्ये परम 8000 तयार झाला.

आता उरलेला अर्धा भाग. परममधले प्रोसेसर भारतीय नव्हते. ते ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. आपल्या लोकांचे हुनर होते ते अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडून त्यांच्याकडून एक मोठे काम करून घेण्यात. म्हणजे एक दार बंद झाले तेव्हा दुसरे उघडे होते, आणि त्यातून जाऊ शकतील अशी शिकलेली माणसे आधीच तयार होती. बंदीने माणसे घडवली नाहीत. माणसे होती म्हणून बंदी पचली.

आज दुसरे दार शोधणे कठीण आहे. सगळ्यात पुढारलेल्या चिपची रचना अमेरिकेत होते, त्या बनतात मुख्यतः तैवानमध्ये, आणि त्या बनवणारी अतिप्रगत यंत्रे नेदरलँड्सची एकच कंपनी तयार करते. मार्च 2024 मध्ये केंद्राने 10 हजार कोटींहून अधिक रुपयांची 'इंडिया एआय' मोहीम मंजूर केली, हे चांगलेच झाले. पण तिच्यासाठीही चिप बाहेरूनच आणाव्या लागतात.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून माझी काळजी थोडी वेगळी आहे. यंत्राला भाषा शिकवायला याच चिप लागतात. त्या मोजून मिळू लागल्या तर इंग्रजीचे काही अडणार नाही. रांगेत मागे राहतील मराठी आणि उर्दूसारख्या भाषा. ज्या सी-डॅकने परम केला, त्याच संस्थेच्या जिस्ट गटाने देवनागरीबरोबर उर्दूची लिपीही संगणकावर आणण्याचे काम केले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आपल्या भाषांचे काम आपल्या माणसांनी हाती घेतले म्हणूनच ते झाले.

म्हणून माझ्या समाजाला माझे सांगणे आहे. आपल्या घरात मोबाईल पोहोचला. पण तो बनतो कसा, हा प्रश्न पोहोचला नाही. उर्दू शाळेत गणित-विज्ञानाची जागा रिकामी राहिली तर आपण तक्रार करत नाही. दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबले तरी कुणाला वाईट वाटत नाही. मग अमेरिकेच्या बंदीवर टपरीवर बसून बोलण्याचा काय फायदा? हे दार तर आपणच लावून घेतले आहे.

येत्या जूनमध्ये आपापल्या शाळेत जा. गणिताला शिक्षक आहे का, प्रयोगशाळेचे कुलूप उघडते का, एवढे विचारा. नसेल तर पुन्हा जा. ज्या मुलाने मला तो प्रश्न विचारला, त्याला यंदा विज्ञान शाखेत जायचे आहे. त्याच्या अब्बांशी मी बोललो आहे. अजून एकदा बोलणार आहे.